जावेचा धाक

मैत्रिणींनो, दुपारपासून मन खातंय म्हणून लिहिते.

आमच्या हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात माझी मोठी जाऊ नुसती दारात आली तरी रंगवणाऱ्या बाया गप्प होतात. मी ओरडले तर हसतात! खरं सांगते, जळते मी तिच्यावर.

आज एकीच्या हातून मूर्तीची सोंड तुटली. ती धावत माझ्याकडेच आली. "वयनी, मोठीला नको सांगू गो."

मी म्हटलं, "थांब, आताच सांगते."

सांगितलं काहीच नाही. पण तिचा चेहरा उतरला आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

दुपारी रोज माझ्या डब्यातल्या सुकटीवर तुटून पडणाऱ्या बाया आज लांब बसल्या.

जाऊ रोज एकटीच जेवते. आज मीही एकटीच जेवले. याच्यासाठी जळत होते का गो मी?