फणसाखालचं छप्पर

मी छपरं मोजते. गोव्यात डिचोलीतल्या एका ऑफिसात बसून, परदेशातल्या घरांची. कुणाला सांगितलं की आधी हसतात आणि मग विचारतात, शिडी लावून? शिडी लावायलाच लागू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप. तिकडे विमान घरांवरून फोटो घेत जातं, ते आमच्या स्क्रीनवर येतात. मी माऊसने छपराची कड आखायची, आढं कुठे, पन्हळ कुठे, ते दाखवायचं. बाजूने घेतलेल्या फोटोंवरून उतार काढायचा, कारण उतरतं छप्पर सरळ वरून बघितलं तर आहे त्यापेक्षा लहान दिसतं. एवढं झालं की तिकडचा ठेकेदार घरबसल्या सामान मागवतो.

दुसरंही एक काम असतं, ते मला जास्त आवडायचं. एकाच जागेचे दोन फोटो, एक जुना आणि एक नवा, शेजारी शेजारी ठेवायचे. जुन्यात नाही आणि नव्यात आहे असं काही सापडलं की त्याला लाल चौकट घालायची. नवीन बांधकाम. झाडाखाली काय असेल याचे तर्क करायचे नाहीत. दिसत नाही ते आखायचं नाही, हा नियम. नवीन आलेल्या मुलींना तो मीच शिकवायचे, आणि कुणी चुकली की चांगली झाडायचेही.

माझी आत्या पेडणे तालुक्यात कोरगावला राहायची. लग्न होऊन त्या घरात गेली आणि तिथेच एकटी उरली, मूलबाळ नाही. मातीच्या भिंती, वर नळ्यांची कौलं, मागे माडाच्या चुडतांनी शाकारलेली न्हाणी. जमीन भाटकाराची आणि आत्याच्या सासरचे मुंडकार. म्हणजे जमीन त्याची, पण पिढ्यान्‌पिढ्या राहताय ते घर तुमचं, तिथून तुम्हाला कुणी उठवायचं नाही. घरपट्टी भाटकाराच्या मोठ्या घराबरोबरच भरली जायची, वीजही त्याच्याच मीटरवरून, आत्याच्या घराचा वेगळा कागद एकही नाही. माणूस भला होता, त्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. तो गेला आणि पोरांनी अख्खं भाट, माडाकाजूंसकट, बाहेरच्या एका माणसाला विकून टाकलं. मोप्याला विमानतळ आल्यापासून आमच्या पेडण्यात काजूंपेक्षा दलाल जास्त झालेत.

आत्याच्या घरावर फणस होता, कापा. वाढता वाढता त्याने सगळं छप्पर पोटाशी घेतलं होतं. मे महिन्यात रस्त्यावर पाय ठेववत नसे, तेव्हा आत्याच्या घरात पंखा बंद असायचा. दर वर्षी फणसाच्या वाळवलेल्या साठांचा डबा माझ्याकडे यायचा. नळ्यांवरची पानं काढायची कटकट तेवढी होती आणि त्यावरून ती फणसाला रोज शिव्या घालायची.

नव्या मालकाने अर्ज केला की या जागेत घरच नाही. पुरावा म्हणून आकाशातून घेतलेला फोटो. मामलतदार साहेबांपुढच्या सुनावणीला मी आत्याबरोबर गेले होते. फोटो आधी माझ्या हातात आला. त्यात खोटं काहीच नव्हतं. माड, काजू, आणि मधोमध फणसाचा हिरवा गोळा. माझ्यापुढे स्क्रीनवर आला असता तर मीही तिथे काही आखलं नसतं.

आत्याने तो फोटो उलटसुलट करून बघितला.

"ह्यात घर नाय म्हणून घर नाय? मगे मी रांदतंय खंय?" तिने साहेबांना विचारलं. साहेब कागदातून मान वर न करता म्हणाले, "तुम्हीही पुरावा आणा."

आमचे वकील म्हणाले, साहेब जागेवर येतील तेव्हा येतील, तोवर फोटोला फोटोने उत्तर देऊ. घर वरून दिसलं पाहिजे. म्हणजे फणसाचं खोड तेवढं ठेवून सगळा डोलारा उतरवायचा. मला ते पटलं. फोटो म्हणजे माझा प्रांत, माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. आत्याला मात्र पटेना.

"फोटो काढणाऱ्यान वाकान बघूचा. झाड कित्याक कापूचा?"

मी तिला समजावलं. गोड बोलून झालं, मग चिडून झालं. शेवटी म्हणाली, "तू शिकलली, तुका कळता."

फांद्या पडल्या तेव्हा झाड कोवळ्या फणसांनी लगडलं होतं. चीक नळ्यांवर, उंबऱ्यावर, सगळीकडे. आत्याने पडलेले फणस गोळा केले आणि वाड्यावरच्या घरांत भाजीला वाटले. स्वतः एकही ठेवला नाही. दुपारी स्वयंपाकघरात ऊन आलं आणि कधी न दिसलेली भिंतीवरची काजळी दिसायला लागली. ती फडकं घेऊन पुसत बसली.

विमानतळ जवळ म्हणून ड्रोनच्या परवानगीसाठी नाकी नऊ आले. शेवटी तो आला त्या दिवशी आत्याने चवथीची हिरवी साडी नेसली. फोटो काढणार म्हणजे नीट नेसायला नको? दारापुढच्या सोप्यावर, उघड्या कट्ट्यावर बसली आणि ड्रोन जाईपर्यंत मान वर करून बघत राहिली.

तो फोटो मी घरी नेऊन स्वतः मोजला. आढं, दोन्ही पाखी, उतार, मागची न्हाणी. इतकं मन लावून मी एकही छप्पर मोजलेलं नाही. सोप्यापाशी एक हिरवट ठिपका होता. आत्याने विचारलं, ह्यात मी खंय? मी बोट ठेवून दाखवलं. तिला बरं वाटलं.

पुढच्या सुनावणीला समोरच्या वकिलाने टेबलावर दोन फोटो ठेवले. त्यांचा जुना आणि आमचा नवा, शेजारी शेजारी. तो तोंड उघडण्याआधीच मला कळलं. जुन्यात नाही, नव्यात आहे.

"नवीन बांधकाम, साहेब. जागा विकली गेल्यावर उभं केलेलं."

आमचे वकील म्हणाले, नळ्यांवरचं शेवाळ बघा. साहेब म्हणाले, जुने नळे विकतही मिळतात. शेजाऱ्यांनी येऊन सांगितलं, पण ते पडले आत्याच्याच बाजूचे. मी उठून म्हणाले, मी हेच काम करते, मला माहीत आहे. साहेबांनी विचारलं, "असे दोन फोटो तुमच्यापुढे आले तर तुम्ही काय ठरवता?" शेजारी आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती, आता ही सांगेल म्हणून.

निकाल विरुद्ध गेला. वर अपील केलंय, ते तिथे पडून आहे. आत्या आता माझ्याकडे डिचोलीला, फ्लॅटमध्ये असते. येताना घराला कुलूप लावून आली, अपिलाचं काही कळलं की परत जायचं म्हणून. मालक कशाला थांबतोय. मी परवा स्क्रीनवर कोरगावची जागा काढून बघितली. लाल माती. घर नाही, न्हाणी नाही, सोपा नाही. खोडही दिसलं नाही. त्याचा पहिला फोटो त्याने खरा करून घेतला.

आत्याला हे मी सांगितलेलं नाही. काल ती माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि स्क्रीनकडे बघत म्हणाली, "बाय, फणसाक कोंब इले काय गे? तुका हंयसून दिसता मां?"

मी स्क्रीन बंद केली आणि म्हणाले, "आले. चांगले हातभर आलेत."

"बरा झाला," ती म्हणाली. "घर परत झाकान जायत. मगे कोणाक दिसाचा नाय."