सल्लाताईची शेवटची परीक्षा

ऑफिसात तिला सगळे सल्लाताई म्हणायचे, आणि उगाच नाही म्हणायचे. कुणाचं सासूशी बिनसो, कुणाच्या पोराचा अभ्यास बुडो, ताईकडे तोडगा तयार. समाजसेवेत हयात घालवलेली बाई, मनाने अगदी लोणी, पण जीभ म्हणून स्वस्थ बसेल तर शपथ.

व्यसनी माणसांना व्यसनमुक्ती केंद्राच्या दारापर्यंत पोचवून पोचवून ती थकली होती. तिला आता आत बसायचं होतं, समुपदेशक म्हणून. पण प्रशिक्षणात तिची पार दाणादाण उडाली. सरावाला शिकवणारे डॉक्टर स्वतःच दारुड्याचं सोंग घेऊन समोर बसत. ताई लगेच सुरू: अहो, बायकापोरांकडे बघा, उद्यापासून सोडाच. की डॉक्टर उठले आणि चालले बाहेर. पेशंट पळाला, असं दारातूनच सांगत. बाकीचे खुदुखुदु हसत. घरी नवरा म्हणाला, गप्प बसायचा सराव इथे केलास तरी आमची हरकत नाही.

परीक्षेला मात्र खराखुरा पेशंट आला. एक वेल्डर, उपचार अर्धवट टाकून पळण्यात पटाईत. बायको त्याला कसंबसं आणून सोडून कामावर गेली होती. तो उठून गेला की ताई नापास, आणि पुन्हा संधी नाही. डॉक्टर कोपऱ्यात बसले.

वेल्डर गप्प. ताईही गप्प. जीभ नुसती शिवशिवत होती, ती तिने दाताखाली धरली. मग विचारलं, प्यायल्यावर नेमकं काय बरं वाटतं?

त्याने चमकून पाहिलं. असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मग तो बोलतच सुटला. हातांचा कंप, कामावरची बोलणी, जवळ यायला घाबरणारी लेक, सगळं बाहेर आलं. शेवटी म्हणाला, "ताई, तुम्हीच सांगा, मी काय करू?"

अरे देवा! उभा जन्म जिने न विचारता सांगितलं, तिला आज कुणीतरी विचारत होतं. ओठांवर उत्तरांची नुसती झुंबड उडाली. ताईने ती सगळी गिळली.

"तुम्हाला काय वाटतं?"

वेल्डरने टेबलावरचा फोन ओढून बायकोला लावला.

"मी राहतोय इथे. नाही गं, कुणी सांगितलं नाही. मीच ठरवलंय."

ताई जिंकली होती. टेबलाखाली तिने दोन्ही मुठी आवळल्या, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.