बाबा मास्तर झाले तो हिवाळा

आखातातल्या खोर फक्कानला मी उन्हाळ्यात बरा असायचो. पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्रीत कोणी कोणाला बाहेर चल म्हणत नाही, कोणी आनंदी असण्याची अपेक्षा ठेवत नाही. ऑफिस, गाडी, घर, तिन्ही ठिकाणी एसी आणि तिन्ही ठिकाणी दारं बंद. माझं बिनसायचं ते नोव्हेंबर संपला की. हवा निवायची आणि सगळं गाव समुद्राकडे तोंड करून बसायचं. अरबी कुटुंबं वाळूत गालिचे अंथरून काहव्याचे थर्मास मांडायची. टोकाच्या हॉटेलातले गोरे पाहुणे सकाळपासून उन्हात पडून संध्याकाळपर्यंत उकडलेल्या कोळंबीच्या रंगाचे व्हायचे. शुक्रवारची सुट्टी म्हणून गुरुवारी दुपारपासून दुबईच्या गाड्या यायच्या आणि किनाऱ्यावर कोळशाच्या शेगड्या पेटायच्या. बायको म्हणायची, चला ना, जरा समुद्राकाठी कॉर्निशवर फिरून येऊ. मी म्हणायचो, आपण दुबईला जाऊ. दोन तास डोंगरातून गाडी हाकत जायचं, एखाद्या सुपरमार्केटात ट्रॉली ढकलायची आणि परत यायचं. हे मी एका हिवाळ्यात सलग सात गुरुवार केलं. आठव्या गुरुवारी बायको गाडीत बसलीच नाही.

कारण तिला ठाऊक होतं, पण ती बोलायची नाही. हिवाळ्यात तिथे किनाऱ्याला तारली लागते. आमच्याकडे तिला पेडवे म्हणतात. एक होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल घेऊन येते आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढतात. खोर फक्कानला तेव्हा दोराचं टोक पिकअपच्या हुकाला अडकवून गाडीच वाळूत पुढे नेत. बाकी सगळं आमच्या रापणीसारखं. खपून उरलेली मासळी वाळूवर सुकत पडायची आणि वारा फिरला की तिचा वास तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या हॉलमध्ये येऊन बसायचा. मी रापणकराचा मुलगा. मालवणच्या बाजूला एका वाडीत वाढलो, शाळेत माझ्या दप्तराला वास येतो म्हणून वेगळ्या बाकावर बसलो, आणि या वासापासून लांब जायचं म्हणून जिद्दीने बी.कॉम. झालो. मुंबईच्या इंटरव्ह्यूत शिपिंग कंपनीचं डॉक्युमेंटेशनचं काम आहे, गाव लहान आहे, एवढंच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी डोंगर उतरून गाडी खाली आली आणि समोर आमच्याच गावासारखा वाकडा किनारा दिसला तेव्हा मला हसू आलं नव्हतं. फरक एकच, इथे सूर्य समुद्रातून वर यायचा.

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात बाबांना दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर बोलावलं. हे बायकोने ठरवलं, मी फक्त कागद केले. टायपिंग सेंटरमधल्या माणसाने फॉर्म भरताना हिंदीत विचारलं, फादर का प्रोफेशन? मागे रांगेत आमच्याच ऑफिसचा एक माणूस उभा होता. मी म्हणालो, रिटायर्ड टीचर. सेंटरवाल्याने ते टाइप केलं आणि पुढचा रकाना विचारला. दोन सेकंदांची गोष्ट. मी ती घरी सांगितली नाही, बाबांना तर नाहीच. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नाही, हे आता लिहितानाही लाज वाटते.

बाबा आले ते नव्या पँटीत. पहिले आठ दिवस ते हॉलमधल्या सोफ्याच्या टोकावर, बसस्टँडवर बसावं तसे बसून राहिले. टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तरी तिकडेच बघायचे. गावाकडे त्यांची रापण मोडून चार वर्षं झाली होती. ट्रॉलर आणि मोठी यांत्रिक जाळी आल्यावर किनाऱ्यापर्यंत मासळी यायची थांबली, माणसं पांगली, जाळं माळ्यावर गेलं. तेव्हापासून त्यांचे हात रिकामे होते. मी रोज ऑफिसातून येऊन विचारायचो, बाबा, आज काय केलंत? ते म्हणायचे, बसलंय. बाप-लेक दोघेही एकाच घरात अस्वस्थ, आणि दोघांचं कारण तोच समुद्र, फक्त दिशा उलटी.

नवव्या दिवशी पहाटे ते चालायला म्हणून गेले आणि तासाभराने प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन किलो तारली घेऊन आले. पँट गुडघ्यापर्यंत ओली, चेहरा असा की आई गेल्यापासून मी पाहिला नव्हता. बायकोला मासळी देत म्हणाले की इथले लोक अजब आहेत, गाडी रापण ओढते आणि माणसं बघत राहतात, त्यामुळे जाळ्याचा खालचा काठ उचलला जातो आणि अर्धी मासळी निसटते. त्यांनी जाऊन तो काठ पायाने दाबून धरला होता. कोणी बोलावलं नव्हतं. नंतर कामगारांनी हाताने खूण केली, घे.

आमच्याकडची ही रीतच आहे. रापण ओढताना जो दोराला हात लावतो त्याला कालवणापुरती मासळी मिळते. मग तो परका असो, वाटसरू असो, नाही तर सुट्टीवर आलेला पोलीस. ती मजुरी नाही आणि भीकही नाही. न देता माणूस परत पाठवला तर दुसऱ्या दिवशी रापण रिकामी येते असं आमच्याकडे मानतात. बाबांनी ती रीत जशीच्या तशी अरबस्तानात आणली. समुद्र आहे, जाळं आहे, दोर आहे, म्हणजे नियमही तोच असणार. आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाशिवाय ही चूक दुसऱ्या कोणी केली नसती.

मग रोजचंच झालं. जाळ्याचा मालक एक म्हातारा अरब होता, मुंबईला पूर्वी खजूर घेऊन जायचा म्हणून मोडकं हिंदी बोलायचा. बाबांचं आणि त्याचं जमलं. फाटलेलं जाळं बाबा त्याच्या आवारात बसून विणून द्यायचे. माझी पाच वर्षांची मुलगी नाकाला हात लावून म्हणायची, "आजोबा, यू स्मेल लाइक फिश," आणि त्यांच्याच मांडीवर जाऊन बसायची. बायको म्हणाली, या घरात एक तरी माणूस खूश आहे. मी मात्र चिडचिडत राहिलो. लिफ्टमध्ये ऑफिसची माणसं भेटायची आणि बाबांच्या हातात ठिबकणारी पिशवी. एकदा मी त्यांना म्हणालो की मासळी हवी तर बाजारातून आणतो, लोक काय म्हणतील? दुसऱ्या दिवसापासून ते लिफ्ट सोडून जिन्याने यायला लागले.

पाचव्या आठवड्यात ऑफिसात फोन आला. किनाऱ्यावर कागद तपासायला माणसं आली होती. दुसऱ्याच्या व्हिसावर काम करणारे शोधत होती. त्यांनी रापणीवरचे सगळे उचलून नेले, त्यात बाबाही. मी धावत इमिग्रेशनच्या कचेरीत गेलो तेव्हा ते बाकावर सहा-सात कामगारांच्या रांगेत बसले होते, ओल्या पँटीत, पायाशी मासळीची पिशवी. मला बघून ते उठले नाहीत. बाकीचे उठले नव्हते म्हणून.

व्हिजिट व्हिसावर काम करणं गुन्हा, हे मला माहीत होतं. त्यांना परत पाठवतील, पुन्हा कधी येऊ देणार नाहीत, आणि व्हिसा माझ्या कंपनीच्या नावावर असल्याने माझी नोकरीही त्याच पिशवीत होती. अधिकारी तरुण होता, हिंदी चांगलं बोलायचा, आवाजही चढवत नव्हता. त्याने मला सांगितलं की तुमच्या वडिलांनी किनाऱ्यावरच सगळं कबूल केलं आहे. त्याने रोज मासळी घेता का विचारलं तर ते रोज म्हणाले. कोणी फुकट दिली का विचारलं तर छाती पुढे काढून म्हणाले, "फुकट काय को? अपना हिस्सा है साब. दोर पकडा तो हिस्सा मिलता है."

मी मध्ये बोललो. सर, म्हातारा माणूस आहे, करमत नाही, मजेखातर हात लावतो, ते काम नाही. अधिकाऱ्याने व्हिसाचा कागद काढला, वाचला आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा शंका आली. त्याने बाबांना विचारलं, "आप टीचर थे?"

बाबांना कळलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. इधर लिखा है, टीचर. बच्चा लोग को पढाते थे?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, टेबलावरच्या शिक्क्यांकडे पाहत राहिलो. त्यांनी खरं सांगितलं तर पोटापाण्याचा धंदाच केला हे सिद्ध होणार होतं आणि माझा खोटा कागदही उघडा पडणार होता. तेवढ्या वेळात हे सगळं त्यांना कळलं असेल का, याचा मी अनेकदा विचार केला आहे. चौथीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली सरकवले, तळवे खाली करून, आणि म्हणाले, "हां साब. मास्टर था. मच्छी का काम हमको नहीं आता."

मास्तर म्हणताच तो तरुण अधिकारी खुर्चीत सावरून बसला. त्यालाही कोणा मास्तरांनी शिकवलं असणार. तो म्हणाला, बाबाजी, आप बुजुर्ग आदमी, आराम करो, दरिया पे मजदूर लोग के साथ नहीं जाना, इज्जत का सवाल है. मला हमीच्या एका कागदावर सही करायला लावली. बाबांना खुर्ची दिली, चहा दिला. बाकावरचे बाकीचे बघत राहिले. पिशवी तिथेच राहिली.

गाडीत मी काहीतरी बोलायला सुरुवात केली. फॉर्ममध्ये असंच लिहावं लागतं, सगळेच लिहितात, वगैरे. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "माका आधी सांगूक व्हया होतंस रे." आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. नव्हता. मी त्यांना तयारीला वेळ दिला नाही एवढीच तक्रार होती.

पुढचे तीन आठवडे ते मास्तर होते. कोणी सांगितलं नव्हतं. नवी पँट, माझा एक शर्ट, पायात बूट. समुद्राकडची बाजू सोडून डोंगराकडच्या रस्त्याला फिरायला जायचे. लिफ्टने यायचे. टायपिंग सेंटरच्या रांगेतल्या त्या ऑफिसच्या माणसाने विचारलं, अंकल, कौनसा सब्जेक्ट? तर म्हणाले, सब. घरात संध्याकाळी मुलीची अंकगणिताची वही पुढे घेऊन बसायचे आणि ती इंग्रजीत जे सांगेल त्याला मान हलवायचे. बायको माझ्याशी आठवडाभर कामापुरतंच बोलली. मी म्हणालो की त्यांच्या भल्यासाठीच झालं, तर तिने फक्त भांडी जोरात ठेवली. मला घरात बसवेना, बाहेर जाववेना. गुरुवारी एकटाच दुबईकडे निघालो आणि अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही दोघं त्यांच्या बॅगेला कुलूप आणायला खाली उतरलो तर इमारतीच्या दाराशी तो म्हातारा अरब उभा होता. बरेच दिवस शोधत होता म्हणाला. मागे पिकअपमध्ये जाळं होतं, खडकाला लागून कमरेएवढं फाटलेलं. कागदाचा प्रश्न नाही, काम नाही, पैसे नाहीत, असं त्याने हात हलवून समजावलं. फक्त माझ्या घरी बसायचं, चहा प्यायचा आणि माझ्या मुलांना जाळं विणायची ती गाठ एकदा दाखवायची. इथे ती कोणालाच येत नाही. तो बाबांना नाखुदा म्हणत होता. होडीच्या प्रमुखाला तिकडे नाखुदा म्हणतात. मी इतकी वर्षं तिथे राहिलो, मला कोणी नाखुदा म्हटलं नाही.

बाबा पिकअपपाशी गेले. फाटलेल्या जागेकडे पाहिलं. हात पुढे गेला आणि त्यांनी तो मागे घेऊन पँटीच्या खिशात घातला.

"नहीं सेठ," ते म्हणाले. "वो मेरा गलती हुआ. मैं मास्टर है. मेरे को जाल का कुछ नहीं आता."

म्हातारा गोंधळला. ज्या माणसाने महिनाभर त्याच्यासमोर जाळं विणलं तो हे बोलत होता. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, हे खरं आहे का?

त्या वेळी तिथे कोणी अधिकारी नव्हता, ऑफिसचं कोणी नव्हतं. मी नाही म्हणालो असतो तर काहीच बिघडलं नसतं. बाबाही माझ्याकडेच बघत होते, आणि मला वाटतं ते त्या नाहीचीच वाट बघत होते.

मी मान हलवली. हो, खरं आहे, म्हणालो. मग आम्ही कुलूप आणायला गेलो.