कुलपातला दोरा

हजराबी कुणाच्या घरी पाणी प्यायची झाली, तर आधी भांड्यात डोकावून बघायची. मग भांडं देणाऱ्या बाईच्या तोंडाकडे बघायची. मग प्यायची, तेही घोटभर. पेठेतल्या बायका म्हणायच्या, नवऱ्यामागं एकटी राहून हिला संशयाचं येड लागलंय. ते अर्धंच खरं होतं.

उरलेलं अर्धं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत बीडमधल्या घराघरातून माणसं उचलली जात होती, तेव्हा ती आणि तिचा नवरा रहीम एकाच खोलीत तापानं पडले. रहीम पाचव्या दिवशी गेला. हजराबी उठली, पण नाक गमावून उठली. ताप उतरला, खोकला गेला, वास मात्र परत आला नाही. चुलीवर भाकरी करपली तरी कळेना, कातड्याला घाण सुटली तरी कळेना. आणि कातड्याच्या धंद्यात नाक म्हणजे अर्धा कारागीर. कातडं नीट कमावलंय की आतून नासलंय, हे आधी नाकाला कळतं, मग बोटाला. ही गोष्ट बाहेर फुटली, तर बाजारातला नासका माल शोधत शोधत आपल्याच दारी येईल, हे ती ओळखून होती. म्हणून ती बोटांनी बघायला शिकली, आणि विकणाऱ्याचं तोंड निरखायला शिकली. तोंडं निरखता निरखता तिला प्रत्येक तोंडावर काहीतरी दडवलेलं दिसायला लागलं.

रहीम छागली शिवायचा. छागल म्हणजे वाटेवर पाणी न्यायची कातडी पिशवी, बकऱ्याच्या कमावलेल्या कातड्याची. वर तोटी, खाली गोल बूड. गाडीला टांगली की उन्हाळ्याच्या झळांतही पाणी गार. बीडला तेव्हा रेल्वे नव्हती. डाकवाले, गाडीवान, दौऱ्यावर निघणारे निजाम सरकारचे अंमलदार, सगळ्यांचा प्रवास बैलाच्या नाहीतर घोड्याच्या पायांनी. त्यामुळं छागलीला गिऱ्हाईक कायम असायचं.

इद्दत, म्हणजे विधवेनं घरात पाळायचे चार महिने दहा दिवस, संपली त्याच आठवड्यात दीर अजीज आला. बाजारात त्याचं जोड्यांचं लहानसं दुकान होतं. ओसरीवर बसून तो हळू आवाजात म्हणाला, "भाभी, धंदा मी बघतो. तुमी कावून तरास घेता? धान्य म्हैन्याच्या म्हैन्याला पोचवीन."

"आणि रापी, आऱ्या, फर्मे?"

"ते माझ्याकडं राहतील की. दुकानात."

हजराबीनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. दिराचे डोळे भावाच्या हत्यारांवर होते. ते दुःखानं होते की हावेनं, हे तिला ठरवता आलं नाही, आणि जे ठरवता येत नाही ते वाईटच धरायचं, असा तिचा तोवर नेम झाला होता.

"मला शिवता येतं," ती म्हणाली. "वीस वर्सं त्यांच्या शेजारी बसून म्या नुसती डाळ निवडली न्हाई."

अजीज चिडला नाही. सलाम करून गेला. तो चिडला नाही, याचाच तिला जास्त संशय आला.

पहिल्या उन्हाळ्यात तिची एक छागल खपेल तर शपथ. बाईच्या हातची शिवण, वाटेत उसवली तर घशाला कोरड पडायची, असं गाडीवान म्हणायचे. तेव्हा तिनं एक छागल भरून चौसाळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, गाड्या सुटायच्या त्या लिंबाला टांगली आणि शेजारी वाटी ठेवली. ज्याला तहान लागेल त्यानं प्यावं. चार दिवस कुणी वाटीला हात लावला नाही.

"फुकट पाणी कोण पाजतं बे?" एक गाडीवान दुसऱ्याला म्हणाला. "कायतरी असंल त्यात."

हजराबी झाडाच्या पलीकडंच उभी होती. ती पुढं आली, तिनं वाटी भरली, त्यांच्यासमोर गटागटा प्याली, आणि वाटी परत ठेवली. त्या दिवशी दोघं प्याले. आठवड्यानं वाटीसाठी भांडणं व्हायला लागली. उन्हाळा सरता सरता घरातल्या सगळ्या छागली गेल्या, आणि लिंबाखालची छागल तिनं पुढंही रोज भरत ठेवली.

मग माणसं लागायला लागली. मानमोडीनं रिकामी केलेली घरं गल्लोगल्ली होती. छबुबाईचे नवरा आणि मुलगा एकाच आठवड्यात गेले होते. जातीची चांभार, हाताला सुई ठाऊक, पण काम द्यायला कुणी उरलं नव्हतं. जरीना एकोणीस वर्षांची, आई-बाप दोघेही गेलेले. ती मशिदीमागं एका म्हाताऱ्या बाईच्या ओसरीवर पडून असायची. हजराबीनं दोघींना घरी आणलं. पुढं आणखी तिघी आल्या. दुपारची भाकरी सगळ्यांची एकत्र, हजराबीच्या हातची. पेठेत लोक बोलायचे, ही पोटाला घालतीय, पण हिचा यात डाव काय असंल?

डाव नव्हता, पण कुलूप होतं. हजराबीनं कुणालाही सबंध छागल शिकवली नाही. एकीनं कातडं भिजवून ताणायचं, एकीनं तोटी बसवायची, छबुबाईनं कडेची शिवण, जरीनानं बूड. बेतणं हजराबी स्वतः करायची. आणि दोरा. अंबाडीच्या दोऱ्याला मेण आणि राळ यांचा हात द्यायची रहीमची एक रीत होती. त्या दोऱ्यातून पाणी झिरपत नसे. ते काम ती आतल्या खोलीत दार लावून करायची आणि तयार दोरा मोजून बाहेर द्यायची. सगळं शिकल्या, की निघून जातील आणि समोरच दुकान थाटतील, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं.

तिसऱ्या वर्षी तहसील कचेरीतून बोलावणं आलं. कचेरीचे कागद सांभाळणारे पेशकार विठ्ठलराव, चष्म्यावरून बघणारे, शिस्तीचे गृहस्थ. दौऱ्यासाठी आणि जवानांसाठी साठ छागली हव्या होत्या.

"बाईमाणसाच्या भरवशावर सरकारी काम देतोय," ते म्हणाले. "मला खाली बघायला लावू नका."

साठ छागलींना मेण बरंच लागणार होतं. दरवर्षी नेकनूरकडच्या डोंगरातून मोहोळं काढणारा उत्तरेश्वर मेण आणून द्यायचा. त्या वर्षी तो आलाच नाही. कड्यावरून पडून त्याचा पाय मोडल्याचं मागाहून कळलं. हजराबीनं बाजारात एका फेरीवाल्याकडून मेण घेतलं. त्याचं तोंड तिनं बराच वेळ निरखलं. तो नजरेला नजर देऊन हसत होता. मेणाचा रंग पिवळा, बोटाला चिकट. तिनं घेतलं.

छागली वेळेत गेल्या. एकेक भरून, दिवसभर टांगून, पुसून दिली होती. एकही गळाली नव्हती. तीन आठवड्यांनी पेशकारांच्या माणसानं पंधरा-वीस छागली दारात आणून टाकल्या. सगळ्यांची बुडं उसवली होती.

"साहेब म्हणतात, सरकारी कामात कुणी मुद्दाम खोडसाळपणा केला असंल तर नाव सांगा. न्हाईतर तुमचं नाव लिहितो."

हजराबीनं एक छागल उलटी केली. वरची शिवण ठीक होती. बुडाची गेली होती. दुसरीचंही बूड, तिसरीचंही. तिच्या डोक्यात एकच नाव आलं, आणि त्याला जोडून एक चित्र. त्याच महिन्यात तिनं जरीनाला दोनदा अजीजच्या घरातून बाहेर पडताना बघितलं होतं.

"अजीजकडं कावून गेलतीस?" तिनं सगळ्यांसमोर विचारलं.

जरीना गोंधळली. "त्यांच्या बायकोला दिस गेलेत, खाला. घरात पाणी भरायला कुणी न्हाई. दोन घागरी देऊन येते."

"तुला कुणी सांगितलं द्यायला?"

"कुणी न्हाई. दिसलं म्हणून दिल्या."

"बूड कोण शिवतं या घरात?"

"मी शिवते." जरीनाच्या लक्षात आलं. तिनं हातातली आरी खाली ठेवली. "पर दोरा तुमी देता, खाला."

हे शेवटचं वाक्य हजराबीला नुसतं उद्धट वाटलं. तिनं जरीनाला जायला सांगितलं. जरीनानं ओढणी सावरली आणि ती गेली. चौसाळ्याला तिचे लांबचे मामा होते, तिकडं गेल्याचं दोन दिवसांनी कळलं.

हजराबी कचेरीत गेली. सगळ्या छागली परत घेते, बदल्यात नव्या देते, म्हणाली. पेशकारांनी तिला बराच वेळ उभं ठेवलं आणि दोन महिन्यांची मुदत दिली. आता बुडं ती स्वतः शिवू लागली. एक टाका दुसऱ्याच्या हातचा नाही. पहिल्या वीस छागली तिनं पाठवल्या, आणि त्यांतल्या नऊ पंधरा दिवसांत परत आल्या. बुडं उसवलेली.

ती ओसरीवर बसून राहिली. कातडं कमावणाऱ्या सिदूवर तिचा संशय गेला. मग कचेरीतल्या जवानांवर गेला, की तेच टोचत असतील. मग पुन्हा अजीजवर. पण टाके तर तिचे स्वतःचे होते, आणि छागली तिनं स्वतः कुलपात ठेवल्या होत्या. किल्ली तिच्या कमरेला होती.

छबुबाई येऊन शेजारी बसली. "आपा, एक बोलू का? राग धरू नका."

"बोल."

"आमी इतक्या जणी हाय, पर सबंद छागल कुणीच बघितली न्हाई. मी कड शिवते, ती तोटी बसवती. रोग्याचा नुसता अंगठा दाखवून वैदाला इचारल्यागत हाय हे. सगळं दाखवा आमाला. पयल्यापासून."

हजराबीनं कमरेची किल्ली सोडवली. उठली आणि तिनं आतल्या खोलीचं दार उघडलं. चौघी दारात दाटल्या. तिनं त्यांच्यासमोर कातडं बेतलं. फर्मा कसा धरायचा, ताण कुठं द्यायचा, सांगितलं. मग निखाऱ्यावर मेणाचं भांडं ठेवलं आणि राळ टाकली. सवयीनं तिचे डोळे बायकांच्या तोंडांवर गेले. चारी तोंडं एकदम वाकडी झाली.

"आपा, ह्यो वास कशाचा?" छबुबाई म्हणाली.

"कसला वास?"

"चरबीचा. वाळल्या दोऱ्याला आला न्हाई, तापवल्यावर सुटला. अवो, ह्यात अर्धी चरबी हाय. अंबाडीला असलं चोपडल्यावर दोरा पंधरा दिसांत कुजंल. सगळ्या पाण्याचं वजन बुडावर, मग पयलं बूडच जाणार." तिनं हजराबीकडं नवलानं बघितलं. "तुमाला आला न्हाई वास?"

हजराबीच्या समोर चार तोंडं होती, आणि त्यांतल्या एकावरही काही दडवलेलं नव्हतं. दडवत होती ती एकटी.

"मला वास येत न्हाई," ती म्हणाली. "मानमोडीपासनं."

छबुबाईनं मेणाचं भांडं निखाऱ्यावरून उतरवलं. "म्हंजी रोजच्या भाकरी करपतात त्या ह्याच्यामुळं व्हय. आमाला वाटायचं, आमी जास्ती खाऊ ने म्हणून तुमी मुद्दाम करपवता."

हजराबीला हसू आलं, आणि हसता हसता ती पदर तोंडाला लावून रडली. त्यांच्याही मनात संशय होता तर. करपलेली भाकरी खात, मान खाली घालून, इतकी वर्षं.

दुसऱ्या दिवशी छबुबाई स्वतः गाडीत बसून नेकनूरकडं गेली आणि लंगड्या उत्तरेश्वराकडून चांगलं मेण घेऊन आली. मेण तिनं पारखलं, दोरा सगळ्यांनी मिळून केला. मुदतीला चार दिवस उरले असताना सगळ्या छागली कचेरीत पोचल्या. पेशकारांनी प्रत्येकीचं बूड अंगठ्यानं दाबून बघितलं, आणि महिन्याभरानं पुन्हा बघेन, असं बजावलं. महिन्याभरानं त्यांनी बघितलं, एकही बूड उसवलं नव्हतं. पुढल्या उन्हाळ्यात काम पुन्हा तिच्याकडंच आलं.

पण त्याआधी ती चौसाळ्याला गेली. जरीना मामाच्या दारात बैलाच्या गळ्यातला कातडी पट्टा शिवत बसली होती. उठली नाही.

"माझं चुकलं," हजराबी उभ्यानंच म्हणाली. "दोरा माझाच खराब होता. चल घरी."

जरीनानं टाका पुरा केला. "खाला, तुमी मला पोटाला घातलं, ते मी इसरणार न्हाई. पर तुमी त्या दिवशी माझ्याकडं जसं बघितलं, तेबी इसरणार न्हाई. मी यायची न्हाई."

हजराबीनं तिच्या तोंडाकडं बघितलं. तिथं जे होतं ते उघड होतं.

"मग इथंच शिव," ती म्हणाली. "सबंद छागल. मी दाखवते."

ती तीन दिवस मामाच्या घरी राहिली. बेतण्यापासून दोऱ्यापर्यंत सगळं दाखवलं. मामींनी दिलेलं पाणी ती भांड्यात डोकावूनच प्याली, ती सवय काही गेली नाही. जरीनाच्या छागली त्या सालापासून चौसाळ्याच्या रस्त्यावर स्वतंत्र खपायला लागल्या. हजराबीला वाटलं होतं तसंच झालं. शिकवलेली बाई वेगळी झाली. गिऱ्हाईक मात्र तुटलं नाही. मोठं काम आलं की दोघी वाटून घ्यायच्या, आणि हिशोबाला छबुबाई मधे असायची, कारण जरीना हजराबीच्या ओसरीवर पुन्हा कधी चढली नाही.

अजीजच्या मनात खरंच काय होतं, हे हजराबीला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याला मुलगी झाली तेव्हा ती बाळंतविडा घेऊन गेली. तो तसाच हळू आवाजात बोलला.

ती म्हातारी झाली तोवर पेठेतल्या वीस-बावीस घरांत छागली शिवल्या जात होत्या. दूर गेवराईकडून बायका शिकायला यायच्या. आलेल्या बाईला हजराबी समोर बसवायची. कुणाची, कुठली, इथंच कावून आलीस, कुणी धाडलं, असं तीन दिवस उलटसुलट विचारायची आणि तोंड निरखत राहायची. कुणी कंटाळून उठून जायची. जी बसून राहायची, तिच्या हातात चौथ्या दिवशी आरी द्यायची.