गोमतीबाईची लात

रिठदच्या गोमतीबाईनं दौलतरावांना भर रस्त्यात, त्यांच्या नातीच्या डोळ्यांदेखत लात मारली, ही बातमी पहिल्यांदा कुजबुजली गेली ती एसटीत. रुपाबाई वाशिमहून परत येत होती आणि खिडकीशी बसली होती. रुपाबाई खिडकीशी बसली की बाहेरच्या जगाची खैर नसते. तिनं पाहिलं ते इतकंच: दौलतराव आपल्या नव्या गाडीवर, मागं नात सायली, बाजूला आपल्या फटफटीवर गोमतीबाई, आणि गोमतीबाईचा पाय उचललेला. तेवढ्यात एसटी पुढं निघून गेली. पण रुपाबाईला तेवढं पुष्कळ झालं. फाट्यावर उतरली तेव्हा लात एक होती. पिठाच्या गिरणीपर्यंत तीन झाल्या. संध्याकाळी पारावर दौलतराव नाल्यात पडले होते. दुसऱ्या दिवशी ते पांढऱ्याफेक पायजम्यात धडधाकट फिरताना दिसले, तेव्हा लोकांना मनातून जरा वाईटच वाटलं.

कोणी धीर करून त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, जाऊ द्या नं, झालं ते झालं. असं म्हणणारा माणूस लात खाल्लेलाच असतो, असं गावाचं मत पडलं.

दौलतराव म्हणजे साधं प्रकरण नाही. चाळीस एकराचे धनी, आणि सल्ला फुकट, तोही न मागता. दिवाळीला त्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि तेव्हापासून गावाला दुसरा विषय ऐकू आला नाही. पेट्रोल नाही, आवाज नाही, धूर नाही. त्यांच्या नादानं आणखी चौघांनी तशाच गाडीचं बुकिंग केलं. गोमतीबाईची जुनी फटफटी दिसली की ते मुद्दाम नाकाला रुमाल लावत आणि चार लोक असतील तर म्हणत, "सुनबाई, डासाची फवारणी करून राह्यली काय?"

गोमतीबाई त्यांच्या भावकीतली नव्हे, पण तिचा नवरा धनराज त्यांच्याहून लहान, म्हणून ती त्यांना मामाजी म्हणे. सासऱ्याच्या मानाचा माणूस. ती हसून मान खाली घाली आणि ॲक्सिलेटर जरा जास्त पिळी. बाकी उत्तर ती फवारणीच देई.

तिचं वय सत्तेचाळीस. दीड एकर ओलिताचं. त्यात वांगी, मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे बाहेरच्यांची कोथिंबीर. पाच वर्षांपूर्वी धनराजची कंबर धरली ती सुटलीच नाही, आणि डॉक्टरनं त्याची गाडी बंद केली. माल रोज पहाटे वाशिमच्या हर्रासीला, म्हणजे भाजीच्या लिलावाला, पोचवायचा कोणी? मुलगा पवन वाशिमला मोबाइलच्या दुकानात कामाला. तो म्हणाला, ऑटो लावू. ऑटोवाल्याची वाट पाहत तीन दिवस सांबार सुकला. चौथ्या दिवशी गोमतीबाईनं सोयाबीन काढलेल्या मोकळ्या वावरात गाडी ढकलत नेली. धनराज बांधावर बसून क्लच, क्लच ओरडत होता. दोनदा ती पडली, तिसऱ्यांदा मेथीच्या वाफ्यात घुसली, आणि वाफ्यातून बाहेर आली ती गाडी चालवतच.

मग तिनं मागची सीट काढून तिथं लोखंडी घोडी वेल्डिंग करून घेतली, दोन्ही अंगांनी क्रेट अडकवायला. पंजाबी ड्रेसवर धनराजचा जुना फुलबाह्यांचा शर्ट. गाव आठ दिवस हसलं, मग हसून हसून कंटाळलं. धनराज मात्र अजून म्हणतो, "मागं सांबारले जागा हाय, नवऱ्याले नाही."

गाडीसोबत तिला एक सोयरीक मिळाली, तिच्या माहेरीही इतकी मोठी नव्हती. रस्त्यावरच्या गाडीवाल्यांची. एखाद्याचं साइड स्टँड खाली लोंबत असलं की गोमतीबाई त्याला गाठून ओरडणार, "स्टँड, भाऊ, स्टँड." मागं बसलेल्या बाईचा पदर चाकाकडे उडत असला तर हॉर्न वाजवत बाजूला येणार. पुढं म्हशी रस्त्यात बसल्या असतील तर समोरून येणाऱ्याला तळहात खालीवर करून हळू म्हणणार. गाडी बाजूला लावून कोणी इंजिनाकडे टक लावून बसला असेल तर हर्रास चुकली तरी थांबणार. तिनं नाव, गाव, जात कधी कोणाला विचारली नाही. आणि कोणाला कुठं मदत केली, हे घरी येऊन सांगितलं नाही. "रस्त्यावरचं रस्त्यावर," एवढंच म्हणे.

एक गंमत मात्र झाली. दिवसा कोणाचा हेडलाइट चालू दिसला की ती हाताची पाची बोटं उघडून मिटून दाखवायची: भाऊ, लाइट बंद कर. नव्या गाड्यांचा लाइट दिवसाही बंद होत नाही, हे तिला ठाऊकच नव्हतं. दोन वर्षं ती समोरच्या प्रत्येक नव्या गाडीला बोटं उघडून मिटून दाखवत राहिली आणि म्हणत राहिली, किती विसरभोळी झाली ही पोरं. शेवटी पवननं समजावलं. पण तोवर उशीर झाला होता. पोरांना वाटलं, ही मावशी आपल्याला रामराम करते. पोरंही बोटं उघडमिट करून उत्तर देऊ लागली. आता ती थांबली तर उद्धटपणा दिसला असता, म्हणून तिनं चालू ठेवलं. रिसोडपासून वाशिमपर्यंत त्या रस्त्यावर आज तोच रामराम चालतो, आणि तो कुठून सुरू झाला हे निम्म्या लोकांना माहीत नाही.

तर अशा बाईवर लातेचा आळ आला. तीन आठवडे तो वाढतच गेला. वाशिमच्या दुकानात कोणी पवनला म्हणे, "तुह्यी माय कराटे शिकली काय रे?" पवन सव्वीस वर्षांचा. या वयात माणसाला मायची चेष्टा आपल्या चेष्टेपेक्षा जास्त झोंबते. एका संध्याकाळी तो घरी आला आणि म्हणाला की मानोऱ्याकडचं गिऱ्हाईक पाहिलं आहे, रविवारी येईल. गाडी धनराजच्या नावावर, आणि धनराज पवनच्या धाकात. म्हणजे गाडी गेल्यातच जमा.

"खरं काय झालं ते सांग मले," पवन म्हणाला. "खोटं असन त मी सगळ्या गावाले सांगतो. गाडी ठेव तुह्यी."

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य गोमतीबाईच्या जिभेवर आलंही. पण शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द ही तिची एकच गोष्ट अशी होती जी हर्रासीत निघत नव्हती. ती म्हणाली, "रस्त्यावरचं घरात आनत नाही मी." आणि सांबाराच्या जुड्या बांधायला वावरात निघून गेली. शनिवारी ती हर्रासीहून परतली तेव्हा गाडी धुतली, चेनला तेल घातलं, आणि घोडीच्या गजाला लागलेला मेथीचा पाला बोटानं खरवडत किती तरी वेळ तिथंच उभी राहिली. धनराजनं ते ओट्यावरून पाहिलं आणि उगाच खोकला काढला.

रविवारी दहाच्या सुमारास गिऱ्हाईक आलं. संघदीप नावाचा तिशीतला माणूस. गाडी विकली जाते म्हणून पाहायला दहाबारा जण अंगणात जमले; रुपाबाई सगळ्यांत पुढं. संघदीपनं चहा घेतला, गाडीभोवती एक चक्कर मारली, मागची लोखंडी घोडी पाहून थबकला, आणि गोमतीबाईकडे पाहून हळूच पाची बोटं उघडून मिटली.

"मावशी, तुमी त्याच नं?" तो म्हणाला. "माह्यी चेन उतरली होती तवा तुमीच बसवून देल्ली. हे गाडी मी नेली त रस्त्यावरचे लोक मले सोडनार नाही."

पवन म्हणाला, गाडीत खोट नाही, गावात नाव खराब झालं म्हणून विकतो. संघदीपनं विचारलं, कशानं? रुपाबाईनं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून दौलतराव आत आले. मागं सायली.

सायलीचं असं होतं की त्या दिवसापासून बारावीची परीक्षा संपेपर्यंत ती वाशिमला आत्याकडे होती. शेवटचा पेपर देऊन शनिवारी संध्याकाळी ती गावात उतरली, आणि फाट्यावरच रुपाबाईनं मायेनं विचारलं, "आजोबाच्या कमरेले आता कसं हाय, माय?" लात कोणती, कोणाची, हे सायलीला तिथंच कळलं. रात्री घरी काय झालं ते घरच्यांना माहीत. पण सकाळी दौलतराव न जेवता निघाले, एवढं शेजाऱ्यांनी पाहिलं.

दौलतराव अंगणाच्या मधोमध उभे राहिले. सायली म्हणाली, "सांगता का मी सांगू?"

"पवन, गाडी इकू नको," ते म्हणाले. "लात-बित काही नाही. माह्या गाडीची बॅटरी संपली होती. रातभर चार्जिंगले लावली, पन लाइट गेली होती ते म्या पाह्यलंच नाही. पोरीचा पहिला पेपर आन मी भर रस्त्यात उभा. हे सुनबाई घरी येऊन राह्यली होती, तिनं गाडी फिरवली. पाय लावायच्या आधी माह्या गाडीले हात जोडले हिनं. म्हने, मामाजी, मोठ्या मानसाच्या गाडीले पाय लावतो, माफ करजा. आन मीच म्हनलं, सुनबाई, गावात सांगू नको."

गोमतीबाई म्हणाली, "रस्त्यावरचं रस्त्यावर राह्यलं असतं त काय बिघडलं असतं, मामाजी?"

"माह्यं काही नसतं बिघडलं. तुह्यी गाडी जाऊन राह्यली होती."

बुकिंग केलेले चौघे तिथंच उभे होते; ते एकमेकांकडे पाहू लागले. रुपाबाई म्हणाली, मी पहिल्यापासून म्हणत होते की लात वाटत नाही. संघदीपनं हेल्मेट चढवलं आणि दुसरा चहा न घेता निघाला. पवननं खिशातला रुमाल काढला आणि मायच्या गाडीची नंबर प्लेट पुसत बसला, धुतलेली होती तरी. दुकानात आता कोणी विषय काढला तर तोच आधी सांगतो, आणि किलोमीटर दोनेक वाढवूनच सांगतो.

दौलतराव अजून ती इलेक्ट्रिक गाडी चालवतात. समोरून फटफटी आली की नाकाला रुमाल लावत नाहीत. ते पाची बोटं उघडून मिटतात, आणि तिकडून तसंच उत्तर येतं.

खरं इतकंच आहे: गोमतीबाईनं दौलतरावांना लात मारली नव्हती. त्यांच्या बंद पडलेल्या गाडीच्या मागच्या फुटरेस्टवर डावा पाय टेकवून तिनं त्यांना आणि सायलीला नऊ किलोमीटर ढकलत नेलं. अकराच्या पेपरासाठी सायली दहा वाजून वीस मिनिटांनी परीक्षा केंद्राच्या फाटकातून आत गेली.