पाळण्याचा शेंदूर

माझ्या पहिल्या लेकीला मी स्वतःच्या हातानं विष चारलं, तेही दर शनिवारी, डोक्यावरून आंघोळ करून, देवाचं नाव घेत. आता म्हातारपणी निर्लज्ज झाले म्हणून सांगते. तेव्हाची ती टवळी आज समोर आली, तर आधी तिचे कान उपटीन.

साठ-सत्तर सालाकडची गोष्ट. नागपुरात विणकरांच्या वस्तीत आमच्या एका घरात दोन चुली होत्या, एक माझी, एक मोठ्या जावेची. तिला मूल नव्हतं आणि मला झालं होतं. एवढ्यावरून मी ठरवून टाकलं, हिची नजर वाईट. ती पाळण्याजवळून गेली की मी मीठ-मोहऱ्या ओवाळायची, तिला दिसेल अशा, आणि धूर तिच्याच खोलीकडे जाईल अशा बेतानं.

तेवढ्यानं भागेना म्हणून शेंदूर तेलात कालवून पाळण्याच्या कठड्याला फासायला लागले. बाजारात पुडी घेताना तळहातावर तोलून बघायची. हलकी म्हणजे भेसळ, जड म्हणजे अस्सल! अशी माझी अक्कल. शनिवारागणिक थर चढत गेला. लेकीला दात येत होते. ती उभी राहून कठडा चावायची आणि तोंड केशरी करून बसायची. मी शेजारणींना हाका मारून दाखवायची, "पाहा वं, मारुतीनं मुका घेतला माह्या पोरीचा!"

हळूहळू तिची भूक गेली. पोट दगडासारखं, शी होईना, चेहरा पांढराफटक, सारखी किरकिर. धरून उभी राहणारी पोर पुन्हा बसून राहायला लागली. मग मी काय केलं? शेंदूर वाढवला.

एका दुपारी नळावरून आले तर जाऊ पाळण्याशी वाकलेली. हातात उलथनं, आणि कठडा खरवडणं चाललेलं. कळशी माझ्या हातातून सुटलीच.

"जाऊबाई, काय करून राहिल्या?"

"पोट्टी रंग खाऊन राहिली वं. दिसत नाही का तुले? तिचं पोट पाह्य जरा."

"देवाचा आहे तो!"

"देवाचा असन तं देवाले लाव. लाकडाले काहून चोपडून राहिली?"

जन्मात पहिल्यांदा मी तिला अगं-तुगं केलं. "वांझोटे, माह्या लेकरावरची राखण काढून राहिली का तू?"

गल्ली गोळा झाली. जावेनं उलथनं ठेवलं आणि आत गेली. मी मात्र लढाई जिंकल्यासारखी! खरवडलेल्या जागी ताजा शेंदूर भरला, चांगला दोन बोटं.

आठवडा सरला नाही तोच पोरीला आकडी आली. डोळे फिरले, हातपाय ताठ. रिक्षात घालून रामदासपेठेत डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तिच्या हिरड्या पाहिल्या, केशरी झालेली नखं पाहिली आणि विचारलं, "हे काय?" मी त्यांनाही मारुतीच्या मुक्याची गंमत सांगितली.

ते हसले नाहीत. "बाई, शेंदरात शिसं असतं. म्हणून तर तो जड लागतो. हे लेकरू शिसं खात होतं."

मोठ्या दवाखान्यात ठेवलं तिला. सुया टोचताना ती रडायची, तेव्हा बरं वाटायचं. गप्प पडली की माझा जीव जायचा. डॉक्टरांनी बजावलं, पाळणा घराबाहेर काढा, कोरडा खरवडू नका, भुकटी उडते. घर ओल्या फडक्यानं पुसा, आणि पोरीनं काही तोंडात घालायच्या आधी तिचे हात धुवा. नवऱ्याकरवी घरी निरोप धाडला. पोरीला घेऊन परतले तर पाळणा गेलेला होता आणि माझी खोली कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत पुसलेली. ते कोणी केलं, हे विचारायची गरज नव्हती.

पोर वाचली. पण बोलायला तिला फार उशीर लागला. शेजारची तिच्याहून लहान पोरं गाणी म्हणायची आणि माझी नुसती बोट दाखवायची.

घरी आल्या दिवशीच मी जावेच्या चुलीपाशी गेले. पाया पडायला वाकले. तिनं पाय मागे ओढले.

"पाया नको पडू वं. पाया पडली का तुले वाटन, झालं, फिटलं. ते वांझोटी म्हटलेलं माह्यानं विसरणं होत नाही. पण दुपारची पोट्टी माह्यापाशी आणून देत जाय. तुह्यावर माहा भरोसा नाही."