आत्याचे दीर आणि कॉलेजची चेंडूफळी

माझ्या आत्याच्या धाकट्या दिरांइतकं क्रिकेट कळलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांनी जन्मात एकदाही हातात बॅट धरली नव्हती. धरायची गरजच काय, असं त्यांचं म्हणणं. "जिलबी बिघडली हे सांगायला कढईत उतरावं लागत नाही," ते म्हणत. ते कल्याण स्टेशनात तारमास्तर होते. दिवसभर कुणाच्या मुलाला नोकरी लागली, कुणाची सासू गेली, कुठली मालगाडी कसाऱ्याला अडकली, हे सगळं त्यांच्या बोटांखालून जायचं. त्यांच्या स्वतःच्या नावाने मात्र कधी तार आल्याचं मला आठवत नाही. बायको लग्नानंतर तीन वर्षांत वारली, मूल नव्हतं. माझ्या आत्याचे यजमान बदली होऊन नाशिकला गेले आणि खाडीकडच्या त्या घरात हे एकटेच उरले. मी त्यांना काका म्हणायचो.

काकांचं सगळं जगच मुळी एका प्रश्नावर चालायचं: ह्याला इथे नेमलं कोणी आणि शिकवलं कोणी? टिटवाळ्याला गणपतीच्या देवळात एका मुंजीच्या जेवणाला आम्ही गेलो होतो. वाढणाऱ्याने कढत आमटीची धार काकांच्या पानात न धरता मांडीवर धरली. पंगतीत हलकल्लोळ झाला. यजमान धावत आले, वाढणारा रडायच्या बेताला आला. काका मात्र धोतर झटकत शांतपणे म्हणाले, "त्याला बोलू नका. मीठ वाढायच्या लायकीच्या माणसाला आमटी कोणी दिली, त्याला बोलवा." एकदा कीर्तनाला बुवा सबंध आख्यानभर बेसूर गायले. कीर्तन संपल्यावर काकांनी पुढे होऊन त्यांच्या गुरूंचं नाव विचारलं. बुवांना वाटलं, माणूस प्रसन्न झाला. त्यांनी हात जोडून, डोळे मिटून नाव सांगितलं. काका म्हणाले, "हयात आहेत ना? मग अजून इलाज आहे." असा माणूस चार घरी आवडीचा पाहुणा होणार नाही, हे सांगायला नको. हळूहळू आमंत्रणं बंद झाली. काकांना त्याचं नवल वाटलं नाही. फक्त सणावारी ते ड्यूटी मागून घ्यायला लागले.

माझे वडील ठाण्याहून मला दामटून पाठवायचे. "अरे, आत्याचे दीर एकटे असतात. रविवारी जाऊन ये जरा." पहिल्यांदा गेलो तेव्हा काकांनी पिठलंभात केला होता. फळीवरून दुसरं ताट काढलं, तर ते इतकं काळं पडलेलं की त्यांनी चिंच घेऊन बराच वेळ घासलं, आणि मी पाटावर बसून भात निवताना बघत राहिलो. जेवण झाल्यावर मला घेऊन ते रेल्वेच्या बंगल्यांमागच्या मैदानावर गेले. तिथे गोरे ड्रायव्हर आणि गार्ड चेंडूफळी खेळत. बाकीचे बघे दोरीपाशी घोळक्याने उभे. काका त्यांच्यात नाहीत. लांब एका जांभळीखाली घोंगडी पसरून, छत्री आडवी ठेवून ते बसले आणि बोलू लागले. ते मला पुढच्या चेंडूला काय होणार ते आधी सांगत, आणि ते व्हायचं. तीन तास मी हललो नाही. त्यानंतर वडिलांना दामटावं लागलं नाही.

मी तेव्हा मुंबईला कॉलेजात होतो. आमच्या कॉलेजचा क्रिकेटचा संघ होता आणि तो हरण्यात पटाईत होता. संघ ठाण्याला खेळायला आला की काका रजा टाकून येत आणि लांबून बघत. त्यांचं निदान असं की पोरांत खोट नाही, खोट निवडणाऱ्यांत आहे. निवड करायचे आमचे गणिताचे गोरे प्रोफेसर. ते भूमितीत पहिल्या आलेल्याच्या हाती चेंडू द्यायचे, कारण त्याला कोन कळतात. शिकवायला होता पलटणीतून निवृत्त झालेला एक सार्जंट. त्याचा आवाज असा की तो "पुढे या" म्हणाला की फलंदाजाबरोबर झाडावरचे कावळेही हलायचे. काका म्हणत, "हा शिकवत नाही, कवाईत घेतो."

मग काकांनी कॉलेजला पत्रं लिहायला सुरुवात केली. दर सोमवारी एक. जन्म तारा ठोकण्यात गेल्यामुळे त्यांची इंग्रजी वाक्यं तीन-चार शब्दांपलीकडे जात नसत. "सार्जंट ओरडतो. मुलगे घाबरतात. चेंडू सुटतो." संपलं पत्र. दुसऱ्या सोमवारी: "डावरा मुलगा उजवा केला. दोन्ही हात वाया." तिसऱ्या सोमवारी: "सर्व अकरा वसतिगृहातले. बाहेरचे जिवंत आहेत. पाहावे." वर्ष-दीड वर्ष एकाही पत्राला उत्तर नाही. मी एकदा म्हटलं, "काका, कशाला लिहिता? कोणी वाचत नसेल." त्यांनी शाई टिपली आणि म्हणाले, "तार पोचवणं आपलं काम. वाचणं त्यांचं."

आणि एके दिवशी उत्तर आलं. गणिताचे प्रोफेसर विलायतेला परत गेले होते. नव्या, तरुण प्रोफेसरांना टेबलाच्या खणात तो गठ्ठा सापडला. पुण्याच्या कॉलेजशी सामना महिन्यावर आला होता. त्यांनी काकांना लिहिलं, आपण येऊन संघ निवडून द्यावा. काकांनी ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं आणि चौथ्यांदा माझ्याकडून वाचून घेतलं. मी त्या वेळी संघात होतो, सहाव्या नंबरावर. अक्षर चांगलं म्हणून धावा लिहायला मला घेतलं होतं, तिथून सरकत सरकत मी आत आलो होतो. आता तर काय, निवडणारे आमचेच काका! मी वसतिगृहात सांगितलं, ठाण्याला कळवलं. वडिलांनी तळ्याकाठच्या आमच्या आळीतली सात-आठ माणसं सामन्याला न्यायचं ठरवूनही टाकलं.

काका काळा कोट आणि पागोटं घालून मुंबईला आले आणि तीन दिवस मैदानावर बसले. त्यांनी कुणाला फार खेळायला लावलंच नाही. एकदा सगळ्यांना दगड फेकायला लावले, एकदा पळायला लावलं, आणि उरलेला वेळ नुसते बघत राहिले. प्रोफेसरांनी विचारलं, "आपण नक्की काय पाहता?" काका म्हणाले, "साहेब, बहुतेक वेळ चेंडू दुसऱ्याकडेच असतो. तेव्हा माणूस काय करतो, ते पाहतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी दोरीबाहेर उभ्या असलेल्या एका मुलाला हाक मारली. मिठागरावरच्या मुकादमाचा मुलगा, हुशार, शिष्यवृत्तीवर शिकणारा. रोज गाडीने घरी जाई म्हणून त्याला कधी कोणी विचारलंच नव्हतं. त्याने मैदानाच्या टोकावरून फेकलेला दगड सार्जंटच्या पायाशी पडला. सार्जंट पहिल्यांदाच हळू आवाजात काहीतरी बोलला.

तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात काकांनी अकरा नावं वाचली. मी वाट बघत होतो. अकरावं नाव झालं आणि त्यांनी कागदाची घडी घातली. सगळे पांगल्यावर मी त्यांना गाठलं.

"काका, माझं नाव राहिलं."

"राहिलं नाही. घेतलं नाही."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण काका थट्टा करत नसत.

"तू गुणी मुलगा आहेस," ते म्हणाले. "पण चेंडू अंगावर आला की डोळे मिटतोस."

"कधी?"

"दर वेळी."

"काका, वडील येणार आहेत. आळी येणार आहे. तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं."

माझा तोल गेला. मी म्हणालो, "दर रविवारी मी येतो तुमच्याकडे. माझ्याशिवाय येतंच कोण?"

 मी काही माहिती विचारली असावी अशा सुरात काका म्हणाले, "कोणी येत नाही." त्यांनी छत्री उघडली, वर छप्पर आहे हे लक्षात आल्यावर मिटली, आणि ते स्टेशनकडे चालू लागले.

सामन्याच्या दिवशी मी बाहेर बसून संघ हरावा म्हणून देवाला साकडं घालत होतो. वडील येऊन बसले होते, आळी मात्र त्यांनी घरीच ठेवली होती. शेवटच्या पुणेकराने चेंडू उंच मारला. तो नेमका जिथे एरवी मी उभा असायचो तिकडे गेला. एकच आरोळी उठली. बघतो तो मुकादमाच्या मुलाच्या हातात चेंडू आणि पोरं त्याला खांद्यावर घेतायत. तो चेंडू खाली येताना मात्र मी पाहिलाच नव्हता. दोरीबाहेर, साठ पावलांवर, मी डोळे मिटून घेतले होते.

काका सामन्याला आले नव्हते. त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. निवडीसोबत त्यांनी मोठ्या सचोटीने शिकवणाऱ्यांचाही अहवाल दिला होता. त्यात सार्जंटबद्दल एक ओळ होती, आणि प्रोफेसरांबद्दल दोन: "प्रोफेसर दयाळू आहेत. दयाळू माणसाने निवड करू नये." त्यानंतर कॉलेजने त्यांना आभाराचं एक छापील कार्ड पाठवलं, आणि पुन्हा कधी काही नाही.

मीही गेलो नाही. पहिले काही महिने राग होता. राग गेला तेव्हा त्याच्या जागी लाज आली, आणि लाज रागापेक्षा पुष्कळ चिवट निघाली. पुढल्या रविवारी नक्की जायचं असं ठरवून मी बी.ए. झालो, ठाण्याच्या कचेरीत चिकटलो, लग्न केलं. ठाण्याहून कल्याण ते केवढं! तेवढं अंतर मला सहा वर्षं ओलांडता आलं नाही.

मग एकदा कचेरीच्या कामाने कल्याणला गेलो. काम लवकर उरकलं, परतीच्या गाडीला दोन तास होते, आणि पाय आपोआप बंगल्यांमागे वळले. जांभळीखाली काका बसलेले होते. पेन्शनीत निघाले होते, वाळले होते. मी समोर उभा राहिलो तरी ते माझ्याकडे न बघता मान तिरकी करून मैदानाकडे कान देत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी नाव सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं, पण ते इतकंच म्हणाले, "बस. ऊन लागतंय का तुला? इकडे सरक."

घोंगडीवर मी सरकून बसलो.  मैदानावर गावातली पोरं खेळत होती.

"गोलंदाज कसा टाकतोय?" त्यांनी विचारलं.

"जोरात टाकतोय. पण पाय फार पुढे टाकतो."

"डावा?"

"डावा."

"हं," काका म्हणाले आणि जरा ताठ बसले. मग मी दिसेल ते सांगत गेलो, ते विचारत गेले. खेळ संपला तेव्हा माझी गाडी केव्हाच निघून गेली होती.

घरापर्यंत सोडायला निघालो. त्यांनी माझ्या कोपराला धरलं होतं. खाडीकडच्या उतारावर ते म्हणाले, "तुला वगळलं, तेव्हा फार लागलं असेल."

"लागलं होतं. पण निवड बरोबर होती, काका. मीच नको ते बोललो."

"खोटं नव्हतास बोलला." दोन पावलं गेल्यावर म्हणाले, "कागदाची घडी घालतानाच मला कळलं होतं. म्हटलं, आता आपले रविवार गेले."

"मग घालायचं होतं माझं नाव एक."

ते थांबले. हसले बहुतेक. "अरे, अकराच जागा," ते म्हणाले. "कुणाला काढलं असतं?"

दारात आल्यावर मी त्यांना वाकून नमस्कार केला. "पुढच्या रविवारी..." असं ते म्हणू लागले. मी म्हटलं, "येतो, काका." आणि गेलो पण. त्यानंतर ते दोन वर्षं होते, आणि त्या दोन वर्षांत माझे रविवार फारसे चुकले नाहीत. पण गेलेल्या सहा वर्षांना ती दोन पुरली नाहीत, हे त्यांना नाही तरी मला कळत होतं.

त्या पहिल्या संध्याकाळी मी उंबऱ्यावरून उतरून स्टेशनच्या वाटेला लागलो आणि मागे वळून पाहिलं. काका दारात उभे राहून निरोपाचा हात हलवत होते, पण भलत्याच बाजूला, खाडीकडच्या रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून. मी परत फिरलो, चपला हातात घेऊन आवाज न करता त्यांच्यासमोरून पलीकडे गेलो, तिथे चपला घातल्या, आणि त्यांना ऐकू जातील अशी पावलं टाकत खाडीकडच्या रस्त्याने निघालो.